लाल तोंडाची गाडी

तो म्हातारा मला सापडला तेव्हा शुद्धीवर होता. हे आधीच सांगतो, कारण नंतर बऱ्याच जणांनी मला विचारलं, की काय झालं ते त्याला कळलं तरी का? त्याला सगळं कळत होतं.

शिमग्याला पंधरा-वीस दिवस राहिले असतील. सकाळचे साडेनऊ वाजले होते. महामार्ग पोलिसांची आमची गाडी पोलादपूरहून महाडकडे चालली होती. सहकारी गाडी चालवत होता, मी शेजारी बसलो होतो. समोरून आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरने दिवे मारले आणि खिडकीतून हात काढून मागे दाखवलं. थोडं पुढे गेलो तर दुभाजकाला पाठ टेकून एक माणूस बसलेला दिसला. लांबून वाटलं, दमून बसलाय. जवळ गेलो तेव्हा त्याचे पाय दिसले.

रस्ता चौपदरी केला तेव्हा त्या ठिकाणी दुभाजकात माणूस जाईल एवढी फट राहिली होती. मागच्या डोंगरावर एक वाडी आहे. तिथली माणसं पायवाटेने खाली उतरतात, त्या फटीतून रस्ता ओलांडतात आणि पलीकडे पोलादपूरची रिक्षा धरतात. म्हातारा पोलादपूरहून परत येत होता. आदल्या दिवशी लोहाराकडे कोयता टाकला होता, तो सकाळीच जाऊन आणला. भाजावळीसाठी कवळं, म्हणजे झाडांच्या पालेदार फांद्या, तोडायचे दिवस होते.

मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सहकाऱ्याने गाड्या वळवायला सुरुवात केली आणि रुग्णवाहिकेला फोन लावला.

"कोयता बगा कुठं गेला," म्हातारा म्हणाला.

कोयता तिथेच होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मी त्याच्या हाताला लावला. "हाय बाबा, हितंच हाय. बोलू नका आता."

त्याने कागदावरून कोयता चाचपला. मग म्हणाला, "घरी लगेच सांगू नका. ती गुरं सोडून आता आली असंल, पोटात काय नसतं तिच्या. खाऊ द्या, मग सांगा."

रुग्णवाहिका लवकर आली, त्याबद्दल कुणाला बोल लावता येणार नाही. मी त्याच्याबरोबर बसलो. महाड यायच्या आधीच त्याचा हात माझ्या हातात जड झाला. डॉक्टरांनी तपासलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. अशी मान हलवलेली मी खूपदा पाहिली आहे. तिचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही.

माझा जन्म महाडजवळच्या नाते गावच्या बौद्धवाडीतला. वडील प्राथमिक शिक्षक होते. मी पोलिसात भरती झालो तेव्हा ते सगळ्यांना सांगत, आता आपल्या माणसाच्या हातात काहीतरी आलं. हातात काय आलं हे त्यांना मी कधी नीट सांगितलं नाही. महामार्गावर आमचं काम म्हणजे कोंडी सोडवणं, वेगाने जाणाऱ्याला अडवणं आणि अपघात झाला की सगळ्यात आधी पोहोचणं. आम्ही पोहोचतो, माणूस उचलतो, गाडी बाजूला करतो, रस्ता मोकळा करून देतो. पुढचा तपास त्या भागाच्या पोलीस ठाण्याचा. कुणी मारलं, का मारलं, तो सापडला की नाही, हे आम्हाला कळलं तर कळतं.

त्या दिवशी म्हाताऱ्याला धडक दिलेली गाडी थांबली नव्हती. रस्त्याच्या कडेला वडापावची गाडी लावणारी एक बाई होती, तिने तेवढं पाहिलं.

"लाल तोंडाचा ट्रक व्हता," ती म्हणाली. "मोठा. आवाज झाला म्हणून मी मान वर केली, तवर गेला पन. नंबर नाय बगितला साहेब, माजी कढई तापलेली."

तिथून थोडं पुढे एक ढाबा आहे. त्याच्या पाटीखाली कॅमेरा आहे आणि तो रस्त्याकडे तोंड करून आहे, हे मी रुग्णवाहिकेतून जाताना पाहिलं होतं. मनात म्हटलं, दुपारी येतो. पण इस्पितळातूनच मला वायरलेसवर कशेडीला बोलावणं आलं. घाटात कंटेनर आडवा पडला होता, दोन्ही बाजूंना तीन-तीन किलोमीटर रांग. तो उचलेपर्यंत संध्याकाळ झाली. दुसऱ्या दिवशी मंत्र्यांचा दौरा होता, तिसऱ्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी. चौथ्या दिवशी ढाब्यावर गेलो.

मालक म्हणाला, "साहेब, तीन दिवसांचंच राहतं त्यात. त्याच्यावर नवीन चढतं."

तपास करणाऱ्या हवालदाराला मी हे सांगितलं. तो चांगला माणूस होता. त्याच्या टेबलावर पंधरा प्रकरणं होती आणि रोज कुठला ना कुठला बंदोबस्त. तो म्हणाला, "अरे, मग त्याच दिवशी मला फोन करायचास ना. मी कुणाला तरी पाठवला असता." त्याचं बरोबर होतं. एक फोन. तेवढा मी केला नव्हता. गुन्हा दाखल झाला तो 'अज्ञात वाहन' म्हणून.

म्हाताऱ्याच्या बायकोला मी पहिल्यांदा इस्पितळातच पाहिलं होतं. गावातली माणसं तिला रिक्षातून घेऊन आली. साठीची, काटक, काष्ट्याचं लुगडं नेसलेली बाई. ती रडली नाही. माझ्या वर्दीवरचे डाग बघत उभी राहिली आणि म्हणाली, "तुमीच उचललात काय?"

"हो मावशी."

"काय बोलला काय तो?"

मी सांगितलं. तुम्ही खाऊन घेतल्याशिवाय सांगू नका म्हणाले. ती खाली बसली. मग म्हणाली, "नाय खाल्लं मी. तवाच पोरं सांगाया आली."

तेरावं झाल्यावर एका बाजाराच्या दिवशी ती आमच्या चौकीवर आली. आमची चौकी म्हणजे रस्त्याच्या कडेची पत्र्याची खोली, बाहेर एक बाकडं आणि पाण्याचं पिंप.

"गाडी गावली काय?" तिने विचारलं.

मी तिला समजावलं. तपास ठाण्यात चालतो, तिकडे विचारावं लागेल.

"तिकडं गेलेव. तिकडं सांगतात, चालू हाय."

"म्हणजे चालू असेल मावशी."

"पन रस्त्यावर तर तुमीच उभे असता. गाड्या तुमीच थांबवता."

मी तिला पाणी दिलं. ती बाकड्यावर बसली आणि जाणाऱ्या गाड्या बघायला लागली. तासाभराने उठून गेली. पुढच्या बाजाराला पुन्हा आली. त्याच्या पुढच्यालाही आली. लाल तोंडाचा ट्रक एवढंच तिला माहीत होतं, आणि या रस्त्यावरून दिवसाला लाल तोंडाचे किती ट्रक जातात ते मला माहीत होतं.

तिचा मुलगा मुंबईत एका सोसायटीत वॉचमन होता. त्याचा मला एकदा फोन आला. "साहेब, आयला जरा समजवा ना. टेन्शन घेते ती. आपल्याला तो माणूस थोडी भेटणार हाय?" तो चिडलेला नव्हता. त्याने सोडून दिलं होतं, आणि आईनेही सोडावं एवढीच त्याची इच्छा होती. मी बघतो म्हणालो. पण तिला येऊ नका असं मला सांगता आलं नाही. खरं तर तिने सरळ विचारलं असतं, की तुम्ही त्या दिवशी काय केलंत, तर मी ढाब्याचं सांगून टाकलं असतं. तिने कधी विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगायची माझी छाती झाली नाही.

हळूहळू आमच्या चौकीला तिची सवय झाली. सहकारी तिच्यासाठीही चहा मागवायचा. कधी ती फणसाचे गरे आणायची, कधी पानात बांधून करवंदं. नवरा किती बोलायचा, रेड्याला कसा शिव्या द्यायचा, हे सांगायची. बोलता बोलता मान मात्र रस्त्याकडे असायची. लाल ट्रक आला की बोलणं थांबायचं, ट्रक गेला की पुन्हा सुरू व्हायचं. लावणीच्या दिवसांत ती आली नाही. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही लिहून ठेवतो.

गणपतीच्या चार दिवस आधी ती पुन्हा आली. त्या दिवसांत मुंबईहून गावी येणाऱ्यांच्या गाड्यांनी हा रस्ता भरून वाहतो. म्हणून अवजड वाहनांना बंदी असते. फक्त दूध, भाजी, औषधं अशा गाड्या सोडतात. त्यामुळे मोटारींच्या त्या रांगेत एखादा ट्रक आला की लगेच दिसतो. दुपारी दोनच्या सुमाराला पोलादपूरच्या बाजूने एक सहाचाकी ट्रक हळूहळू पुढे सरकत आला. लाल तोंडाचा. डाव्या बाजूचा बंपर आत गेलेला.

म्हातारी उठून उभी राहिली. "हीच," ती म्हणाली.

"मावशी..."

"हीच ती गाडी. थांबव."

इतक्या महिन्यांत ती माझ्याशी कधी एकेरीत बोलली नव्हती. मी रस्त्यावर गेलो आणि हात वर केला.

ड्रायव्हर पन्नाशीचा होता, वाईकडचा. गाडी त्याची स्वतःची. फ्लॉवर आणि कोबी भरून, आंबेनळी घाटाने उतरून महाडच्या बाजारात चालला होता. कागद व्यवस्थित होते. मी बंपरबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला, "घाटात दरडीचा धोंडा लागला ओ साहेब. लई दिस झालं."

"फेब्रुवारीत इकडे आला होतात?"

तो आठवायला लागला आणि तेवढ्यात त्याची नजर म्हातारीवर गेली. मी त्याला काय प्रकरण आहे ते सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"आई, तुमच्या मालकाला माझी गाडी लागली न्हाई ओ. तवा मी खाटंवर हुतो. माझं ऑपरेशन झालं हुतं." त्याने सदरा वर केला. पोटावर आडवी, लांब खूण होती. "दोन महिनं गाडी दारात उभी हुती."

म्हातारीने त्या खुणेकडे पाहिलं.

मला तेव्हाच कळलं होतं, हा तो नव्हे. पण गाडी कडेला घेता घेताच मी ठाण्याला फोन करून ठेवला होता. या वेळी उशीर नको म्हणून. ठाण्याची माणसं आली. मी तपासी हवालदाराला बाजूला घेऊन म्हटलं, हा नसावा, खूण बघा त्याची. तो म्हणाला, "असेलही खरं. पण बाईने ओळखलंय, तू कळवलंयस, वरच्या साहेबांना मी सांगून बसलोय. आता खात्री करूनच सोडावा लागेल." त्याचंही बरोबर होतं. गाडी थांबवणं माझ्या हातात होतं, सोडणं माझ्या हातात राहिलं नव्हतं.

खात्री करायला दोन दिवस लागले. ड्रायव्हरच्या गावी निरोप गेला, इस्पितळाचे कागद शोधले गेले, त्याचा जावई मोटारसायकलवरून ते घेऊन गणपतीच्या गर्दीतून आला. तोवर ट्रक ठाण्याच्या आवारात उन्हात उभा. कामावर जाता-येता मी दोनदा आत जाऊन आलो. पहिल्या दिवशी कोबीचा हिरवा वास येत होता. दुसऱ्या दिवशी ठाण्यातली माणसं नाकाला रुमाल लावून बसली होती. ड्रायव्हर ओट्यावर बसलेला असे. त्याला कोणी मारलं नाही, कोणी वाईट बोललं नाही. चहा-जेवण मिळत होतं. मी त्याच्याशी बोलायला गेलो तर तो उठून उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "साहेब, आजून काय झालं का?" मला बसवेना. मी त्याला बिस्किटांचा पुडा दिला. त्याने घेतला आणि तसाच शेजारी ठेवून दिला.

सुटल्यावर त्याने नासलेली भाजी कुठे टाकली मला माहीत नाही. आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून घेतलं. "तपास आपला नाही, हे तुला इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर सांगायचं का?" म्हणाले. मी 'नाही साहेब' म्हणालो.

गणपती विसर्जन झाल्यावर म्हातारी आली. मी तिच्यावर चिडलो होतो. तिच्यावर चिडण्याचा मला अधिकार नव्हता, तरी चिडलो होतो.

"मावशी, खरं सांगा. तुम्हाला तीच गाडी वाटली होती?"

तिने पदराने बाकडं पुसलं आणि बसली.

"नाय," ती म्हणाली. "मी कुठं बगितलेली गाडी?"

"मग थांबव का म्हणालात?"

तिने समोर बोट केलं. रस्त्यावरून गाड्या चालल्या होत्या. "रोज किती गाड्या थांबवता तुमी. कोन पट्टा लावत नाय, कोन फोनवर बोलतो. म्हाताऱ्यासाठी एक पन गाडी कोनी थांबवली नाय. मला वाटलं, एक तरी थांबंल." मग हळू आवाजात म्हणाली, "तो मानूस चांगला व्हता रे. त्याची भाजी गेली म्हनतात."

मी ढाब्याचं सांगितलं. कॅमेऱ्याचं, कशेडीच्या कंटेनरचं, सुट्टीचं, न केलेल्या फोनचं. सगळं एका दमात सांगितलं. ती ऐकत होती. तिला कॅमेऱ्याचं कितपत समजलं कोण जाणे. शेवटी म्हणाली, "म्हंजे गावली असती."

"कदाचित."

"हं," ती म्हणाली. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

जाताना तिने त्या ड्रायव्हरला फोन लावून मागितला. त्याचा नंबर माझ्याकडे होता. मी लावला. माझं नाव ऐकल्याबरोबर त्याचा आवाज बदलला. "साहेब, मिटलं न्हवं का ते?"

"मिटलंय, मिटलंय. मावशींना बोलायचंय."

तिने फोन दोन्ही हातांनी धरला. "मी म्हातारी बोलतेय. चौकीवरची." पलीकडून काही ऐकू आलं नाही. "माजं चुकलं," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "पोट दुखतं काय अजून?"

तो काहीतरी म्हणाला. तिने मान हलवली, जणू तो समोर आहे. आणि फोन मला परत दिला.

"काय म्हणाला?"

"बरं हाय म्हनतो. गाडी विकनार हाय म्हनतो. आता होत नाय त्याच्याच्यानं."

त्यानंतर ती दर बाजाराला येईनाशी झाली. दिवाळीच्या मागेपुढे एकदा आली ती घडी घातलेला कागद घेऊन. ठाण्यातून आलेला. मी वाचून दाखवला. गुन्हा खरा आहे, परंतु आरोपीचा व वाहनाचा शोध लागलेला नाही, सबब तपास बंद करण्यात येत आहे, अशा अर्थाचं होतं.

"म्हंजे झालं?"

"सापडला तर पुन्हा उघडता येतं."

"गावंल काय?"

अशा वेळी आम्ही बघू, प्रयत्न चालू आहेत असं म्हणतो. ते तोंडावर आलं होतं. "नाही मावशी," मी म्हणालो. "आता नाही सापडणार."

तिने कागद परत घेतला, पहिल्यासारख्याच घड्या घातल्या आणि पिशवीत ठेवला. म्हणाली, "तू खरं बोल्लास." आणि चहा न घेता गेली.

त्या फटीजवळ नंतर आणखी एक अपघात झाला. मोटारसायकलवाला होता, वाचला. मी दुसऱ्यांदा लेखी कळवलं की इथे खालून रस्ता काढा, निदान गतिरोधक करा. म्हाताऱ्याच्या वेळी दिलेला पहिला कागद कुठे गेला कळलं नव्हतं, दुसऱ्याचं उत्तर मिळालं. एक दिवस कामगार आले आणि त्यांनी ती फट सिमेंटचे ठोकळे टाकून बंद करून टाकली. आता वाडीच्या माणसांना रस्ता ओलांडायला दीड किलोमीटर चालत पुलाखाली जावं लागतं. कोणी जात नाही. माणसं ठोकळ्यांवर चढून पलीकडे उतरतात. बायका डोक्यावरचं ओझं आधी पलीकडच्या माणसाच्या हातात देतात, मग लुगडं सावरून चढतात. मी ओरडतो. ती म्हणतात, "मग जावं कुठनं, साहेब?"

गेल्या आठवड्यात सकाळी तिथून जात होतो. म्हातारी दुभाजकावर चढून बसली होती. हातात पिशवी, एक पाय पलीकडे, एक अलीकडे, आणि उतरायला धीर होईना. खाली भरधाव गाड्या चाललेल्या. सहकाऱ्याने गाडी कडेला घेतली. मी उतरलो. इथून जायचं नाही असं तिला सांगणं माझं काम होतं. मी तिची पिशवी घेतली, हात दिला आणि तिला उतरवलं. ती डोंगराची पायवाट चढायला लागली, आणि पाठीमागून सहकाऱ्याने हाक मारली, की कशेडीत पुन्हा काहीतरी आडवं पडलंय.